वाळूचा उतार आणि आण्णांचा सल्ला

आमच्या जत तालुक्यात पाणी टँकरने येतं. तिथल्या पोराला समुद्रावर नोकरी लागली म्हटल्यावर गावाने मनापासून कौतुक केलं. "एवढं शिकून वाळू मोजतोय." मी दुरुस्ती केली, वाळू नव्हे, वाळूचा उतार. त्याने माझी इज्जत किती वाढली, ते पारावरच्या हसण्यावरून कळलं.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काम स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. जन्म मेंढरांमागे गेलेला, समुद्र पाहिलेला नव्हता. उन्हाळ्यात त्यांना कोकणात नेलं. मी ज्या बाईंकडे राहायचो त्या एकट्या होत्या. त्यांच्या आठ शेळ्यांचं छप्पर थेट वाळूच्या काठावर होतं.

दुसऱ्या दिवशी माझा सहकारी तापाने पडला, म्हणून खुणांची एक काठी आण्णांच्या हातात दिली. दोन काठ्यांमधल्या ठरावीक अंतरात वाळू किती उतरली ते लिहायचं आणि पुढे सरकायचं. पाण्यापर्यंत असंच.

"ह्येनं काय कळतं?" आण्णांनी विचारलं.

"सपाट किनाऱ्यावर लाट लांबच फुटून दमते. उभ्या उतारावर दम राखून वर येते. वादळात पाणी कुठवर येईल, त्याचा अंदाज बांधता येतो."

"मग हितं कुठवर येईल?"

मी शेळ्यांच्या छपराकडे बोट केलं.

"बाईला सांगितलंस?"

"ग्रामपंचायतीत सांगितलंय की. पडद्यावर आलेख दाखवून."

"शेळ्या आल्त्या का बघायला?"

संध्याकाळी आण्णा बाईंना म्हणाले, "ताई, आमी मेंढरं ओढ्याच्या कडंला कवा बसवत न्हाई. ओढा कोरडा असला तरी."

"सासऱ्यांपासून छप्पर इथंच आहे," बाई म्हणाल्या.

"सासऱ्यांच्या येळची वाळू हाय का पण?"

बाईंनी किनाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, पूर्वी पाणी पुष्कळ लांब होतं. दोन दिवसांत छप्पर घरामागे उंचवट्यावर गेलं. माझ्या पदव्यांचा उपयोग खांब उचलायला झाला.

त्या पावसाळ्यात वादळ आलं. जुन्या जागेची जमीनच लाटांनी खरवडून नेली. शेळ्या वाचल्याचं सांगायला बाईंनी फोन केला तो आण्णांना. मला ते आण्णांकडून कळलं.

अहवालात मी लिहिलं, 'सादरीकरणामुळे स्थानिकांमध्ये जागृती झाली.' साहेबांना वाक्य फार आवडलं. मला ते लिहिताना लाज वाटली, पण खोडण्याइतकी नाही.

दिवाळीला घरी गेल्यावर आण्णांना हे सांगून टाकलं. ते एका लंगडणाऱ्या मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. माझा कबुलीजबाब त्यांनी पूर्ण ऐकून घेतला.

"बरं," ते म्हणाले, "आता हिचा पाय नीट धर."