मेणातला दाणा

मूर्ती ओतणाऱ्या त्या पारनेरच्या ओताऱ्याची आठवण झाली, की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बोलताना तो माणसाकडे बघायचाच नाही, साच्याच्या मातीवरून अंगठा फिरवत राहायचा.

लढाईच्या दिवसांत पितळ मिळेना, म्हणून खंडोबाच्या मूर्तीसाठी आम्ही त्याला घरचा हंडा दिला. त्यानं मेणाची मूर्ती घडवली, तेव्हा आईनं देवाच्या पायाशी ज्वारीचा दाणा दाबून खूण उठवली. मेणावर मातीचा साचा चढवून आतलं मेण वितळवतात आणि त्या जागेत पितळ ओततात, म्हणून मेणातली खूण पितळेत उतरते. मग मेणावर माती चढली आणि आमचे हेलपाटे सुरू झाले. दर बाजारी तो अंगठा फिरवून सांगायचा, "माती वल्ली हाय, वयनी. घाई केली तर साचा फुटंल, समदा खर्च वाया जाईल."

चंपाषष्ठीला आम्ही पाटलांकडे दर्शनाला गेलो. देव्हाऱ्यात नवा खंडोबा होता आणि त्याच्या पायाशी ज्वारीच्या दाण्याची खूण.

आई तशीच ओताऱ्याकडे गेली. "आमचा देव कुठंय?"

त्यानं कोपऱ्यातल्या साच्यावरून अंगठा फिरवला. "वल्ली हाय अजून, वयनी."

आईनं तो साचा उचलून त्याच्यापुढे आपटला. आत मूर्तीची जागाच नव्हती. नुसता मातीचा गोळा होता, खडखडीत वाळलेला.