अंजनाचा पाला

बहात्तरला पावसानं पार दगा दिला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गावातल्या बाया शिरपूरच्या वाटेवर दुष्काळी कामाला, खडी फोडायला जायचो. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती.

तिथं एक अंजन होता. आमच्या भागात हे झाड सहसा दिसत नाही, हा एकटाच. बाभळीसुद्धा शेळ्यांसाठी ओरबाडून झाल्या होत्या, आणि हा भर वैशाखात हिरवागार. त्याच्या फांद्यांना आम्ही लुगड्यांच्या झोळ्या बांधायचो. एक म्हातारी सगळ्या लेकरांना झोके द्यायची.

एके सकाळी माझा नवरा आणि गावातले तिघं-चौघं कुऱ्हाडी घेऊन आले.

"झोळ्या सोडा," नवरा म्हणाला. "गुरायले पाला पायजे. सारं झाड छाटतो."

"अन् लेकरं कुठी ठेवाव?"

"घरी बैल मरून राह्यले. तुले दिसत नाई काय?"

दिसत होतं. आमच्या म्हाताऱ्या बैलाला शेपटी धरून उठवावं लागे. पण दुपारी त्या खडीवर हात ठेववत नसे. तिथं लेकरू निजवायचं कसं?

मी पदर खोचला, त्याच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि झाडावर चढले.

"पडशीन ना वं!" म्हातारी ओरडली.

"झोळ्यायवरच्या फांद्यायले कोणी हात लावाचा नाई," मी वरून सांगितलं. "पलीकडचा पाला मी पाडतो. रोज घरटी एक भारा."

"एका भाऱ्यानं काय होते?"

"तेवढाच भेटन."

बायांनी हातोडे ठेवले आणि झाडाखाली येऊन बसल्या. शेवटी पुरुषांनी भारे बांधायला दोर सोडले.

रोज जेवणाच्या सुट्टीत मी चढायची. अंजनाचं लाकूड लोखंडासारखं. हाताचे फोड फुटले, की चिंधी बांधायची. नवरा भारा उचलायचा, पण माझ्याशी बोलायचा नाही.

पावसाच्या तोंडावर म्हातारा बैल बसला, तो उठलाच नाही.

"पुरा पाला भेटला असता तं वाचला असता," नवरा म्हणाला.

वाचला असताही. मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच पाला पाडला.

मृगात उरलेला बैल शेजाऱ्याच्या बैलासोबत जुंपून आम्ही पेरणी केली. तिफण नवऱ्यानं धरली, मी मागून बियाणं सोडत होते. अर्धं शेत झाल्यावर तो मागं न बघता म्हणाला, "थकली असशीन तं बस."

"चाला तुमी," मी म्हटलं.