गोठ्यातला बायोस

आमच्या आतोबांइतका एररचा मान राखणारा माणूस साखळीपासून पेडण्यापर्यंत दुसरा सापडणार नाही. त्यापलीकडचं मला सांगता येणार नाही, कारण त्यापलीकडे मी फारशी गेलेली नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मी इब्रामपूरची. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मला कुठे ठेवायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी साखळीजवळ आत्याचं घर आहे, तिथून कॉलेजला बस मिळते आणि शिवाय "आतोबांक कंप्युटर येता, ते तुका शिकयतीत," असं म्हणून बाबांनी विषय संपवला. मी कॉम्प्युटरच शिकायला निघाले होते. बाबांचा अंदाज चुकला असं मी म्हणणार नाही. आतोबांनी मला पुष्कळ शिकवलं. त्यातलं परीक्षेत मात्र कधी काही आलं नाही.

आतोबा पूर्वी डिचोलीकडच्या एका खाणीच्या हापिसात कॉम्प्युटर सांभाळायचे. खाण बंद झाली, हापिसाला कुलूप लागलं आणि तिथले सर्व्हर भंगारात निघाले, तेव्हा आतोबांनी ते टेंपोत घालून घरी आणले. सर्व्हर म्हणजे आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचे थोरले भाऊ, चपटे, लांबलचक आणि उचलताना कंबर धरायला लावतील इतके जड. घरात जागा नव्हती. गोठ्यात होती, कारण आत्याची म्हैस त्याच पावसात मेली होती. मग पणजीतल्या कुठल्या कुठल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले आणखी काही येऊन मिळाले. जिथे गवताची रास असायची तिथे केबलींची रास आली आणि गव्हाणीत हार्ड डिस्क रांगेने निजल्या. सकाळी पोदेराकडून पाव घेताना आत्या साऱ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "म्हस आसताना दूद तरी गावतालां. ह्यांका चारो घालून काय गावता? लायटीचां बिल!" पोदेर मान हलवायचा. तो रोज हलवायचा, कारण त्याला पुढच्या घरी जायची घाई असायची.

जुना सर्व्हर चालू केला की तो आधी स्वतःला तपासतो आणि काही खटकलं तर पडद्यावर एक ओळ लिहून थांबतो. अमुक ठिकाणी चूक आहे, तरी पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. सारं जग एफ-वन दाबतं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तर त्या बटणावरचं अक्षरही झिजून गेलं होतं. मी पहिल्याच आठवड्यात आतोबांसमोर ते दाबायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात हवेतच धरला. आतोबा एरवी घरात आमच्यासारखंच बोलायचे, पण मशीनचा विषय निघाला की कीर्तनकारासारखं शुद्ध मराठी बोलायचे. "ते बिचारं सांगतंय की पोटात दुखतंय," ते म्हणाले, "आणि तू त्याला म्हणतेस, चल पुढे?" मला खरोखर वाईट वाटलं. त्यामुळे गोठ्यात कितीतरी मशीन त्या एकाच ओळीवर थांबून राहिलेली असायची आणि आतोबा कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून एकेकासमोर, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसायचे. एक मशीन म्हणायचं, माझा पंखा फिरत नाही. पंखा तर आमच्या डोळ्यांसमोर गरगर फिरत होता. मी भीतभीत म्हटलं, "आतोबा, हे खोटं बोलतंय." ते म्हणाले, "खोटं बोलत नाही. त्याला तसं वाटतंय. का वाटतंय ते आपण शोधायचं." शोधलं. पंख्याच्या वायरीच्या खोबणीत पालीने अंडी घातली होती आणि वायर अर्धवट बसत होती. दुसऱ्या कुणी ती झटकून टाकली असती. आतोबांनी झाकण अलगद परत लावलं आणि पिल्लं निघून जाईपर्यंत त्या मशीनला सुट्टी दिली.

हाच न्याय ते माणसांनाही लावायचे. त्यांना ताप आला की आधी कारण, मग गोळी. साखळीच्या डॉक्टरांनी एकदा "व्हायरल आहे" म्हटलं, तर आतोबांनी "म्हणजे नेमकं कुठलं?" असं विचारून बाहेरच्या पेशंटांची रांग रस्त्यापर्यंत नेली. डॉक्टरांनी शेवटी पाठीवर हात ठेवून त्यांना दारापर्यंत पोचवलं. त्याला आतोबा अजूनही आपुलकी समजतात.

पण त्यांचा खरा जीव बायोसच्या अपडेटवर. बायोस म्हणजे मशीन जागं झाल्या झाल्या त्याला तू कोण, तुझे हातपाय कुठे, हे सांगणारा छोटासा प्रोग्राम. तो जुना झाला की नव्या डिस्क ओळखत नाही, असलेल्या मेमरीवर संशय घेतो, म्हातारपणी माणसाचं होतं तसंच. मग त्याच्या जागी नवा लिहायचा. कंपन्या प्रत्येक नव्या व्हर्जनबरोबर काय बदललं त्याची टिपणं देतात. ती कुणी वाचत नाही. आतोबा ती पोथीसारखी मोठ्याने वाचायचे आणि आत्या समोर अबोलीचे गजरे, म्हणजे आमचे वळेसर, करत बसलेली असायची, म्हणजे तिला ऐकणं भागच पडायचं. शेवटी बहुधा एक ओळ असते, 'इतर किरकोळ सुधारणा'. तिथे आतोबा अडायचे. "किरकोळ म्हणजे काय? काय लपवतायत?" आत्या दोरा दातांनी तोडत म्हणायची, "तुमच्यापसून लपवतत. शाणे आसत."

शिवाय मधली व्हर्जनं गाळायची नाहीत. काही मशीनना ते खरंच चालत नाही, पण आतोबांनी तो जीवनाचा नियम करून टाकला होता. त्यांच्या चुलतभावाशी एका फणसाच्या झाडावरून जुनं भांडण होतं. लोक म्हणाले, शिगमो आहे, गुलाल लावा आणि मिठी मारा, संपलं. आतोबा म्हणाले, "थेट शेवटच्या व्हर्जनवर उडी मारली की बोर्ड जातो." त्यांनी क्रमाने घेतलं. आधी एकमेकांना बघून वाट बदलणं बंद केलं. मग मान हलवली. पुढच्या मोसमात पावसाबद्दल एक वाक्य बोलले. मग अर्धा फणस पाठवला. हल्ली ते एकमेकांच्या घरी चहा घेतात, पण बिनसाखरेचा, कारण साखरेचं व्हर्जन अजून आलेलं नाही.

हे असंच चाललं असतं. पण मी दुसऱ्या वर्षाला असताना आत्याने जेवताना ताटावरचा हात थांबवून सांगितलं, "गणपतीच्या चवथीपर्यंत ह्यातलो एक तरी कोणाच्या कामाक येवंदी. ना जाल्यार भंगारवाल्याक बोलयतंय आणि गोठ्यात म्हस हाडतंय." ती थट्टा करत नव्हती. बाबांनी इब्रामपुरात तिच्यासाठी म्हैस हेरूनही ठेवली होती. आतोबांनी आमटीत भात कालवत "बरां" म्हटलं. त्या दिवशी ते दुसऱ्यांदा भात घ्यायचे विसरले. हापिसाला कुलूप लागल्यापासून सकाळी उठून जायला त्यांना तो गोठाच होता, हे मलासुद्धा कळत होतं.

नशिबाने गावच्या हायस्कुलाला कॉम्प्युटरच्या खोलीसाठी एक सर्व्हर हवा होता. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "चालणारा असेल तर द्या, आम्ही आनंदाने घेऊ." आतोबांनी त्यातला सगळ्यात गुणी सर्व्हर निवडला. त्याचं एकच अडत होतं. जुन्या बायोसमुळे तो नव्या डिस्क ओळखत नव्हता. म्हणजे अपडेट. आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर अर्धा लिहिलेला बायोस ना जुना ना नवा, मशीन कायमचं मुकं होतं. आमच्याकडे वीज कशी असते ते गोव्यातल्या कुणाला सांगायला नको. यूपीएस होता. पण तो मधूनच लाल दिवा दाखवायचा आणि त्याचं कारण सापडेपर्यंत तो वापरायचा नाही, हा आतोबांचा नियम होता.

तेव्हा त्यांनी बाकीचा बंदोबस्त केला. आधी देवळात जाऊन देवीला प्रसाद लावला. आमच्याकडे मूर्तीला पाकळ्या लावून प्रश्न विचारतात, उजवी पडली तर होकार. गुरव मला नंतर सांगत होता, "भाटकाराच्या जमनीचो प्रश्न येता, लग्नाचो येता. ह्यांनी देवीक पयल्या व्हर्जनापसून सगळां सांगलां. माझे पाय दुखले." पाकळी उजवी पडली. मग त्यांनी लाइनमनला गाठून रविवारी सकाळी खांबावर चढायचं नाही असं कबूल करून घेतलं. शनिवारी संध्याकाळी ते वाड्यात घरोघर फिरून सांगून आले, उद्या नाश्त्यानंतर थोडा वेळ पंप, इस्त्री, मिक्सर काही लावू नका, दाब खाली जातो. लोक हो म्हणाले. आतोबांना नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणायला कमी वेळ लागतो, हे वाड्याला अनुभवाने कळलं होतं. घरी आल्यावर त्यांनी आत्यालाही तेच बजावलं. "कायेक चालू करू नको हां." आत्या म्हणाली, "माका काय खुळी समजलात?"

रविवारी आतोबांनी आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला. मी त्यांच्या शेजारी उभी होते. पडद्यावर पट्टी सरकायला लागली. आतोबा श्वाससुद्धा बेताने घेत होते. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली, आणखी थोडी गेली, आणि पडदा काळा झाला. सगळे पंखे एकदम थांबले. गोठ्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

आम्ही बाहेर आलो. शेजारच्या घरात मिक्सर घरघरत होता, खोबरं वाटत असावेत. म्हणजे वीज होती. आणि आमच्या सोप्यावर, मेन स्विचखाली, आत्या स्टुलावर चढून उभी होती. एक हात स्विचवर, दुसरा कमरेवर. आम्हाला बघून ती हसली. शेजाऱ्यांच्या बाजूला हनुवटी उडवून म्हणाली, "आयकलात? इतक्यां सांगान ती मिक्सर लायतासा. आपल्या घरात तरी कायेक चालू ऱ्हवाक नको म्हणान मी मेनच बंद केलंय. आतां तुमचां चलूंदी निवांत."

गोठ्याची वायर म्हशीच्या वेळेपासून वेगळ्या मीटरवर होती. तिथे दाब कमी पडतो म्हणून आतोबांनी त्याच महिन्यात ती घराच्या मेनवर घेतली होती आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. जगातली सगळी टिपणं मोठ्याने वाचणाऱ्या माणसाने एवढी एक ओळ घरात वाचली नव्हती. देवीलाही त्यांनी अपडेटबद्दल विचारलं होतं, मेन स्विचबद्दल नाही, त्यामुळे तिचाही दोष मला वाटत नाही.

आतोबांनी आत्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते शुद्ध मराठीत सुरू करणार, कारण, परिणाम, वायर, मीटर, सगळं क्रमाने. ते म्हणाले, "लाइट गेली गो."

"खंय गेली? तो मिक्सर..." आत्या बोलता बोलता थांबली. तिने गोठ्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे.

"लायटीचां काय खरां आसा," आतोबा म्हणाले. "तू देंव सकयल. स्टूल हलता." आणि ती खाली उतरेपर्यंत त्यांनी स्टूल दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

चवथ आली आणि गेली. हायस्कुलाने दुसरीकडून मशीन घेतलं. ठरल्याप्रमाणे बाबा इब्रामपुराहून आले आणि सोप्यावर टेकत म्हणाले, "म्हस तयार आसा. कधी हाडूं?"

"नाका रे दादा," आत्या म्हणाली.

"नाका? अगे, तूच सांगललंस! गोठो रिकामो करतंय म्हणान."

"तेव्हां सांगललंय. आतां जागो नाय." तिने पदराने उगाचच खांब पुसला. "गोठ्यात आमचो मनीस बसता."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी जनेलातून बाहेर बघितलं. आतोबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते आणि त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही.

माझं कॉलेज आता संपलंय. अधूनमधून मी आत्याकडे जाते. त्या मुक्या सर्व्हरच्या बोर्डवरची, बायोस असलेली नखाएवढी चिप काढून ती वेगळ्या यंत्रावर पुन्हा लिहिता येते, असं आतोबांनी कुठेतरी वाचलंय आणि ते त्याच्या मागे आहेत. आत्या सकाळी उठून बरणी घेऊन दूध आणायला डेअरीपर्यंत चालत जाते. परत आली की गोठ्याच्या उंबऱ्यावर पेजेची वाटी आणि कैरीच्या लोणच्याची फोड झाकून ठेवते. हाक मारत नाही. आत काय चालू असेल सांगता येत नाही, असं तिला वाटतं. आतोबांचं लक्ष नसतं, आणि पेज तशीच निवून जाते. तेवढं मात्र मला बघवत नाही.