आखाजीची अट

“मास्तर, सुरतले मन्ही बहीण शे. गाडी सरळ जास. पुण्याले आपलं कोण शे?” भिका पाटलांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा सुपारी तोंडात टाकली.

मी नंदुरबारच्या हायस्कूलात इंग्रजीचा मास्तर. पाटलांची यमुना माझ्या वर्गातून मॅट्रिक झाली. तिला पुण्याला जाऊन इंग्रजी वाङ्मय घेऊन बी.ए. व्हायचं होतं. पाटलांच्या तापीकाठच्या गावात तोवर एकही मुलगी कॉलेजात गेली नव्हती. त्यात शहाद्याचं स्थळ सांगून आलेलं. कॉलेज ठरलं नाही तर लग्न ठरणार, हे ती जाणून होती. दारामागून तिच्या बांगड्या वाजत होत्या.

मी वर्गात असल्यासारखा सुरू झालो. इंग्रजी बी.ए.ला सगळ्यांनाच असतं, पण वाङ्मय मुख्य विषय घेतला की त्याला ‘व्हॉलंटरी’ म्हणतात. पुण्याला ट्यूटोरियल असतं, म्हणजे चार-पाच मुलांनी आपापला निबंध घेऊन प्रोफेसरांसमोर बसायचं. मग लायब्ररीचं वर्णन केलं. अहाहा, काय बोललो मी! पाटलांनी जांभई दिली.

“सुरतले लायब्ररी नही का?”

“आहे हो, पण...”

“मंग झालं!”

माझं डोकंच फिरलं. उठून चालू लागणार, तोच आतून यमुनेच्या आईचा आवाज आला.

“तुमनी बहीणना घर पोर पुस्तक धरी का लाटणं?”

पाटील पागोटं सावरू लागले. बहिणीच्या घरी माणसं किती नि राबणारे हात किती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

“पोरले सासर पाहतस तव्हय काय इचारतस?” बाई उंबऱ्यापर्यंत आल्या. “माणसं कशा शेतस, पाणी कितलं दूर शे, नि आखाजीले धाडतस का. कॉलेजले बी तेच इचारा. मास्तर, पुण्याले पोर कोठे ऱ्हाई?”

“मुलींच्या हॉस्टेलात. बाई सुपरिंटेंडेंट असतात. नळ आहे.”

“नि आखाजीले येई का?”

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, खानदेशात लेक माहेरी आलीच पाहिजे. झोका तिच्यावाचून रिकामा राहतो. मी म्हणालो, “परीक्षा त्याआधीच संपते. उन्हाळ्याची सुट्टी असते.”

“मंग पुणं,” बाई म्हणाल्या. पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं नि हसले. माझी व्हॉलंटरी, माझं ट्यूटोरियल, सगळं पाण्यात! पण चौथी सुपारी मी आनंदाने तोंडात टाकली, हेही खरं.

यमुना दर आखाजीला आली. झोक्यावर बसून पुस्तक वाचायची, मैत्रिणी चिडायच्या. पुढे ती बी.ए. झाली, चांगल्या सेकंड क्लासात. त्यानंतर कॉलेज विचारायला कुणीही आलं की मी सांगे, आधी मुलीच्या आईला घेऊन या.

यमुनेला पाहायला धुळ्याची मंडळी आली, तेव्हा मीही बैठकीत होतो. देण्याघेण्याचं निघण्याआधीच बाई उंबऱ्यावर आल्या.

“आखाजीले धाडशात का?”

“धाडसूत ना!” मुलाची आई म्हणाली.

“नि पोरले पुस्तकं ठेवाले घरमा जागा शे का?”