व्याह्यांसमोर पाय

परवा बारामतीत माझ्या पायाची फुगलेली शीर लेझरनं बंद केली. अर्ध्या तासाचं काम! मी आपली चालत जाऊन रिक्षात बसणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "झोपताना पायाखाली दोन उशा घ्या." तिथंच मला रडू फुटलं. बिचारे गोंधळले, त्यांना वाटलं दुखतंय.

या शिरा मला आईकडून आल्या. निरवांगीला तिचा जन्म उभ्यानंच गेला, आधी मेंढरांमागं, मग उसात. पोटरीवर करंगळीएवढ्या निळ्या गाठी. नव्वदच्या दशकात आमच्याकडं लेझर कुठलं? इंदापूरच्या डॉक्टरांनी बांधायला पट्टी दिली आणि माझ्यादेखत बजावलं, "शीर फुटली तर आडवं व्हायचं, पाय वर करायचा, दाबून धरायचं. बसून राहायचं नाही."

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आई मला भेटायला कन्हेरीला आली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सोप्यात पेपर वाचत होते. त्यांच्यासमोर आई अंग चोरून बसलेली. उठताना तिचा पाय बाजेला घासला आणि रक्ताची धारच लागली.

"आई, आडवी हो, पाय वर कर," मी तिच्या कानाशी म्हटलं.

"गप! व्याह्यांच्या तोंडासमोर पाय वर करू व्हय? लाज हाय का न्हाय तुला?"

तिनं लुगडं घोट्यापर्यंत ओढलं आणि भिंतीला टेकून बसून राहिली. मामंजी "हळद आणा, पाणी द्या" म्हणत तिथंच उभे. मी हळद दाबत होते, ती भिजून वाहून जात होती. सासऱ्यांना "बाहेर जा" कसं म्हणायचं? माझी जीभच उचलेना. आग लागो असल्या लाजेला!

शेजारची जीप आली. मामंजी पुढं बसले, म्हणून आई मागंही ताठच, पाय खाली सोडून. बारामती यायच्या आत ती माझ्या खांद्यावर कलंडली. दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

तेरावं झाल्यावर मला राहवेना. मामंजींच्या पुढ्यात बसून मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं बोलणं, आईचं बोलणं, माझं गप्प बसणं.

"पोरी, एवढंच व्हतं?" ते म्हणाले. "मला नुसतं म्हणायचं. मी अंगणात गेलो असतो की."