देव्हाऱ्यातली पट्टी

मोटारींच्या बाबतीत महिपती मिस्त्रीला पोलादपुरात तोड नव्हती, कारण दुसरा मिस्त्रीच नव्हता. हे त्याच्याखेरीज सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला एक खड्डा आणि वर चार पत्रे. माझं चहाचं हॉटेल बरोबर समोर, त्यामुळे सकाळचा पहिला कप भरायच्या आत त्याची पहिली बढाई कानावर आदळायची.

पूर्वी तो मुंबईत एका गोऱ्या साहेबाच्या कारखान्यात होता. तिथे शर्यतीच्या विलायती मोटारी दुरुस्तीला यायच्या. साहेब गाशा गुंडाळून मायदेशी गेला तेव्हा जाताना महिपतीला हत्यारांची पेटी देऊन गेला. हत्यारं खास त्याच मोटारींची. आमच्याकडच्या लॉरीला त्यातलं एकही लागेना. नाल हातात घेऊन घोड्याची वाट बघत बसावं, तसा हा माणूस दहा वर्षं पेटी घेऊन बसला होता.

पेटीतली सगळ्यांत मानाची चीज म्हणजे तळहाताएवढी पोलादी पट्टी. टायमिंगची साखळी बदलताना इंजिनातला वरचा दांडा जागच्या जागी धरून ठेवायला त्याच्या खाचेत ही पट्टी बसवायची. "केसाचा फरक चालत नाय," महिपती सांगायचा. "चुकलं की व्हॉल्व दट्ट्यावर आपटला, इंजिनाचा चुराडा!" आम्ही मान डोलवायचो. न कळणाऱ्या गोष्टीला मान डोलवण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरला नसता.

गावी परतल्यावर पहिल्याच खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली आणि महिपतीनं आईला ऐटीत सांगितलं, "आये, ही काय पान्यांत टाकायची चीज नाय. देवात ठेव." राहीबाईनं खरोखरच ती देवात ठेवली, खंडोबा-भवानीच्या टाकांशेजारी. तिथे हळदकुंकू सुरू झालं. मग घाट चढणारे ड्रायव्हर दाराशी थांबून पट्टीला हात जोडू लागले. महाडचा अब्बास ड्रायव्हर या प्रकाराला सगळ्यांत मोठ्यानं हसायचा, पण आंबेनळी घाटाला लागण्याआधी त्या दाराशी हॉर्न वाजवायला तोही चुकत नसे.

एकसष्ट साली थंडीत महाबळेश्वरला निघालेले मुंबईचे मुरारीशेठ आमच्यासमोर थांबले. लाल, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकलेली मोटार. इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येत होता. महिपती धावत आला, बॉनेटला कान लावला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. घोडा आला होता.

"साखळी ढिली झाली, शेठ. बदलायला लागंल."

शेठ हसले. "इथे? अहो, त्याला खास हत्यारं लागतात. मुंबईहून साखळीबरोबर मागवून घेतो."

"साखळी तेवढी मागवा. हत्यारं हायत."

त्यानं पेटी उघडून दाखवली तेव्हा शेठचं हसणं बंद झालं. साखळी एस.टी.नं आली. त्या दिवशी गावात कुणालाच दुसरं काम नव्हतं. एरवीही नसायचं, पण त्या दिवशी ते उघड झालं. दहा वर्षं ज्याची टिंगल केली, तो आज खरा ठरतो की तोंडावर पडतो, एवढंच सगळ्यांना बघायचं होतं. मला मात्र मनापासून वाटत होतं, जमू दे बाबा एकदाचं.

महिपती एक शब्द बोलला नाही. इतका वेळ गप्प राहिलेला महिपती मी प्रथमच पाहिला. जुनी साखळी उतरली, नवी चढली. मग त्यानं हाक मारली, "आये, पट्टी आण."

"देवाला ग्रीसात घालतोस काय रे?" राहीबाई दारातून ओरडली.

"तिचं कामच हाय ते, आये."

तिनं पट्टीला पाणी घातलं, नारळ फोडला आणि पदरात धरून पट्टी आणून दिली.

मी महिपतीच्या शेजारी पाने धरून उभा होतो. त्यानं पट्टी खाचेत घातली. ती हलली. उलटी करून घातली, तरी हलली. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला आणि पट्टी माझ्यापुढे धरली. मीही बोट लावून पाहिलं. कड गोल झाली होती. राहीबाई सणासुदीला टाक चिंचेनं घासायची, आणि ही पट्टी गंजते म्हणून तिला वर विटेच्या भुकटीनं घासायची, लख्ख होईपर्यंत. दहा वर्षं. देव उजळत गेला आणि हत्यार झिजून गेलं.

"अंदाजानं बसव," मी कुजबुजलो. "इथं सुरू झाली की झालं. पुढचं घाट बघून घेईल." आमच्याकडे शहाणपणा म्हणतात तो हाच.

त्यानं मान हलवली. दारात आई हात जोडून उभी होती. तिच्याकडे त्यानं एकदा बघितलं, मग हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ, मोटार सुरू करू नका. माझ्यानं होत नाय. इसरलो मी हे काम."

"आणि ती पट्टी?" शेठनी विचारलं.

"पट्टीला काय झालंय? पट्टी बेस हाय. हात माझा ऱ्हायला नाय."

मग गावानं दहा वर्षांचं हसू एकदम हसून घेतलं. अब्बासच्या लॉरीवर फळ्या लावून लाल मोटार चढवली आणि ती मुंबईला परत गेली. अब्बास जाताजाता ओरडला, "मिस्त्री, आता बैलगाडीचं चाक तरी येतं ना रे?" मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. महिपतीनं मात्र नुसता हात हलवला.

गर्दी पांगली. राहीबाई खड्ड्याच्या काठाशी येऊन बसली आणि तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"असू दे रे. समद्यांना समदं कुठं येतंय? वाईट वाटून घेऊ नगंस."

"व्हय, आये."

"दे ती इकडं. ग्रीस लागलंय. चांगली घासून ठेवते."

महिपतीनं दिली.