बटणला खायला घालू नका

गिऱ्हाइकाला कधी ‘तुम्ही जाड झालात’ म्हणायचं नाही, हा शिवणकामातला पहिला धडा. कपडा कमरेला आवळतोय म्हणून कोणी आलं की माझी मावशी सगळा दोष कापडावर ढकलायची. “हे कापड धुतलं की आटतंच हो,” म्हणत शिलाई उसवायची, शिवणीत राखलेलं जादा कापड, म्हणजे माया, सोडायची आणि कपडा परत द्यायची. गोड बोलणं तिने आयुष्यात एवढंच केलं. बाकी तोंडाने फटकळ. लग्नाला नाही म्हणाली तीही थेट आजोबांच्या तोंडावर. बाईने दुकान थाटू नये असं सांगायला चार शहाणे आले, तेव्हा “मग तुमच्या पँटी उद्यापासून तुम्हीच शिवा,” म्हणून तिने त्यांना वाटेला लावलं.

गिऱ्हाइकांवरची तीच युक्ती तिने कुत्र्यावर चालवली आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

बटण आला तेव्हा ओंजळीत मावत होता. दुकानाच्या पायरीवर कोणीतरी टाकून गेलेलं पिल्लू. बटणांच्या रिकाम्या डब्यात झोपायचा, म्हणून बटण. अंगावर केस बेताचेच, थंडीने कुडकुडायचा. मावशीने उरल्यासुरल्या लोकरी तुकड्यांचा त्याला कोट शिवला. पुढे कोट पोटाखाली लागेना, तशी तिने शिलाई उसवली. पुन्हा लागेना, पुन्हा उसवली. सोडायला माया उरली नाही तेव्हा बाजूने वेगळी पट्टी जोडली. “वाढतं अंग आहे,” म्हणायची. कुत्रा केव्हाच थोराड झालेला, आणि म्हणे वाढतं अंग! मी हसले तर माझ्यावरच डोळे वटारले.

मग एका सकाळी बटण जिन्याच्या मधल्या पायरीवरच बसला. जीभ बाहेर, धाप थांबेना, वर जायलाही तयार नाही आणि खाली यायलाही नाही. मावशीने आणि मी त्याला उचलून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कुशीवरून हात फिरवला.

“याच्या फासळ्या कुठे आहेत? मला सापडत नाहीयेत.” मग छातीला नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. “हृदयावर ताण आलाय. वजन उतरलं नाही तर पुढची थंडी हा बघणार नाही. काय खायला घालता?”

मावशीने सांगितलं. तिचं माप चुकीचं नव्हतं.

“मग उरलेलं कोण घालतं?”

उरलेलं अख्खी गल्ली घालत होती. बेकरीवाला तुटकी बिस्किटं टाकायचा. वरच्या मजल्यावरच्या काकू केकच्या कडा द्यायच्या, कारण त्यांच्या घरात कडा कोणी खात नसे. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे आमचा मामा. मावशीचा थोरला भाऊ, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. मामी गेल्यापासून तो मावशीकडेच राहत होता. टेबलाशी बसून अर्धा पाव स्वतः खायचा आणि लोणी लावलेला अर्धा टेबलाखाली जायचा.

घरी आल्या आल्या मावशीने कोटाला जोडलेली पट्टी कात्रीने कापून काढली. मग पाठीवर लाल दोऱ्याने ठळक अक्षरांत भरलं: ‘मला खायला घालू नका. घालाल तर मालकिणीशी गाठ आहे.’ तो कोट चढवून बटण गल्लीतून निघाला आणि गल्लीचं नाक कापल्यासारखं झालं.

“मुक्या जनावराला उपाशी मारतेय,” काकू जिन्यातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “देव बघतोय वरून!”

“बघू दे,” मावशी खालून म्हणाली. “त्यालाही सांगा, केक टाकू नको.”

बेकरीवाला म्हणाला, एका बिस्किटाने काय होतं? “तुझं एक, त्याचं एक, हिचं एक,” मावशी म्हणाली. “पोट मात्र याचं एकट्याचं.” त्यानंतर त्याने आम्हाला शिळा पाव द्यायला सुरुवात केली, तर मावशीने त्याच्याकडून पाव घेणंच बंद केलं. बटणही कमी बेरकी नव्हता. बेकरीसमोर आईबाप मेल्यासारखा चेहरा करून बसायचा. मावशी त्याला गाजराचा तुकडा दाखवायची आणि तो तोंड फिरवायचा.

एवढं करूनही पुढच्या तपासणीला वजन उतरायचं सोडून वाढलेलंच निघालं. डॉक्टरीणबाईंनी मावशीकडे असं पाहिलं की मला राग आला. चोर घरातलाच आहे हे मावशीला कळलं होतं. त्याच आठवड्यात मामाच्या कोटाचा फाटका खिसा तिने शिवायला घेतला, तर अस्तर लोण्याने माखलेलं आणि शिवणीत पावाचा चुरा.

“दादा, तू मारतोयस त्याला,” ती भर दुकानात म्हणाली. एक गिऱ्हाईक मापासाठी हात पसरून उभं होतं, ते तसंच उभं राहिलं.

“मी? अगं, मी जीव लावलाय त्याला!”

“तुझं जीव लावणं त्याच्या जिवावर उठलंय.”

मामा खिशाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “तुझ्याकडे दिवसभर माणसं येतात. माझ्याकडे कोण येतं? हातात काही नसलं तर हा तरी येईल का?”

मला भरून आलं. मला वाटलं, आता मावशी विरघळणार.

“नाही आला तर नाही आला,” मावशी म्हणाली. “जिवंत तर राहील. आणि उद्यापासून फिरवायला तू न्यायचंस.”

“मी जन्मभर बसून गाडी चालवली. मला चालणं जमत नाही.”

“त्यालाही जमत नाही. जोडी चांगली जमेल.”

मामाने तिच्याशी बोलणं टाकलं, पण बटणला नेऊ लागला. आधी दोघं कोपऱ्यापर्यंतच जायचे आणि तिथल्या कट्ट्यावर धापा टाकत बसायचे. मग कोपऱ्याच्या पुढे, मग बागेला वळसा घालून. एकदा बेकरीवाल्याने बिस्किट पुढे केलं, तर मामा भर रस्त्यात ओरडला, “पाठीवरचं वाचता येत नाही का?” हे मावशीला काकूंकडून कळलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

थंडी सरली. डॉक्टरीणबाईंनी बटणच्या कुशीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “सापडल्या!” हृदयाचे ठोकेही आता नीट पडत होते.

त्या संध्याकाळी मामा दुकानात स्टुलावर बसला होता. बटण मावशीच्या मशीनखाली लोळत होता. खाऊ बंद झाल्यापासून मामाने त्याला एकदाही हाक मारली नव्हती. पट्टा धरायचा आणि न्यायचा, एवढंच. त्या दिवशी त्याने मोकळा तळवा पुढे केला आणि घसा खाकरून म्हणाला, “बटण.”

बटण उठून आला. त्याने तळवा हुंगला. काही नव्हतं. दुसराही हुंगला. मामा भिंतीकडे बघू लागला. बटण जागच्या जागी गोल फिरला आणि मामाच्या पायांवर धप्पकन बसला.

मामाचे डोळे वाहू लागले. मावशीने मशीन थांबवलं नाही.

“रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड,” ती म्हणाली. “इथे लोकांचं कापड आहे.”

मामा हलला नाही. पायांवर बटण होता.